हाकेवर सोडलेला कुत्रा

पुष्कळ वर्षे झाली या गोष्टीला. तेव्हा राजा कोण होता, हे आता कोणाला आठवत नाही. लहान असाल तर नीट ऐका. मोठे असाल तर जास्त नीट ऐका.

एका खोल दरीच्या काठावर एक गाव होते. गावातून गवताच्या पठारावर जायला एकच वाट, आणि ती कड्याच्या अगदी धारेने जाई. त्या वाटेपुरता गावाचा एक नियम होता. वेशीपासून पाण्याच्या कुंडापर्यंत प्रत्येकाने आपले जनावर दोराने हातात धरायचे. कुंड ओलांडून पठार लागले की मग सोडायचे. शेळी असो, वासरू असो, नाहीतर कुत्रा.

त्या गावात एक म्हातारा मेंढपाळ राहत असे. मेंढ्या केव्हाच संपल्या होत्या. बायको वारली होती. मुली दूरच्या मुलखात दिल्या होत्या. घरात तो आणि भुऱ्या नावाचा त्याचा कुत्रा, दोघेच.

तरुणपणी म्हाताऱ्याची हाक सगळ्या मुलखात नावाजलेली होती. तो नुसता ‘वळ’ म्हणाला की समोरच्या डोंगरावरचा कुत्रा वळे, आणि कुत्र्याबरोबर सगळा कळप वळे. त्यामुळे कुत्र्याच्या गळ्यात दोर घालणे त्याला कमीपणाचे वाटे.

“ज्याच्या शब्दात दम नाही, त्याने दोर वापरावा,” तो म्हणे. गावाने दोनदा सांगून पाहिले. मग नाद सोडला.

रोज सकाळी भुऱ्या मोकळाच पुढे चाले. वीसेक पावले गेला की थांबून मागे वळून पाही. म्हातारा हाक मारी. हाक मारली म्हणून तो वळला, असे म्हाताऱ्याला वाटे.

संध्याकाळी म्हातारा ओट्यावर बसे. भुऱ्या समोर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून पाही, आणि म्हातारा बोलत राही. बायकोबद्दल, मुलींबद्दल, कुठल्या पावसाळ्यात कुठली मेंढी वाहून गेली त्याबद्दल. दिवसभरात तो बोलत असे ते एवढेच.

वेशीपाशी एक म्हातारी अंबाडीचे दोर वळत बसे. ती काही दिवस भुऱ्याकडे बघत होती. एकदा तो पाठमोरा असताना तिने टाळी वाजवली. मग तांब्या दगडावर आपटला. भुऱ्याचा कानसुद्धा हलला नाही.

म्हातारा जवळ आल्यावर ती म्हणाली, “आबा, तुमच्या कुत्र्याला ऐकू येत नाही.”

“तुझं ऐकत नसेल.”

“तांब्या आपटला मी. घरातून सून ओरडली, पण हा ढिम्म.”

“तो माझ्याच हाकेला वळतो. तसा शिकवलाय त्याला.”

“तो वळतो तेव्हा तुम्ही हाक मारता. चार दिवस बघतेय मी. हा दोर न्या, कड्यापुरता तरी.”

“तू तुझे दोर वळ, बाई. माझं तोंड अजून चालतं.”

“तुमचं तोंड चालतं हो, सगळ्या गावाला माहीत आहे. त्याचे कान चालतात का ते बघा. मागे उभं राहून एकदा हाक मारा. कळेल.”

म्हातारा दोर न घेता निघून गेला.

त्या संध्याकाळी तो हळूच भुऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. हाक मारायला त्याने तोंड उघडले. आणि त्याच्या मनात आले, याला खरेच ऐकू येत नसेल, तर इतक्या संध्याकाळी आपण बोललो ते कोणाशी?

त्याने तोंड मिटले. वळसा घालून तो भुऱ्याच्या समोर येऊन बसला आणि रोजच्यासारखा बोलू लागला.

मग पाच-सहा दिवसांनी व्हायचे ते झाले. कड्याच्या वाटेवर गवतातून एक तित्तर फडफडत उठला आणि दरीकडे उडाला. भुऱ्या त्याच्यामागे धावला.

“वळ!” म्हातारा ओरडला.

दरीने ती हाक तीनदा परत दिली. भुऱ्या दहा पावलांवर होता. त्याने मान वळवली नाही, वेगही कमी केला नाही. म्हाताऱ्याने पुन्हा हाक मारली तेव्हा वाटेवर कुत्रा नव्हता. खाली दगड घरंगळत गेल्याचा आवाज तेवढा येत होता.

म्हातारा कड्यावर पालथा पडून पाहू लागला. खाली दोन पुरुष खोल एक अरुंद कपार होती. तिच्यावर भुऱ्या एक पाय उचलून थरथरत उभा होता. वर यायला वाट शोधत तो कपारीच्या टोकाकडे सरकू लागला.

“बस! हलू नको, बाबा!”

भुऱ्या सरकतच होता. त्याच्या पंजाखालची माती ढासळत होती.

तेव्हा म्हाताऱ्याने बोलणे सोडले. कुत्र्याची नजर वर वळताच त्याने, पूर्वी ‘बस’ शिकवताना करी तसा, हात लांब करून तळवा खाली दाबला. भुऱ्याने हाताकडे पाहिले आणि तो बसला.

आता हात काढून घेता येईना. काढला की कुत्रा उठणार. म्हातारा तसाच पडून राहिला. हात दरीकडे, तोंड गावाकडे. आयुष्यात त्याने माणसांना मदतीसाठी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली, घसा बसेपर्यंत मारली. ऊन डोक्यावर आले तरी हात खाली आला नाही.

शेवटी दोरवाली म्हातारी दोन लाकूडतोड्यांना घेऊन धापा टाकत आली. एकजण दोराने खाली उतरला आणि भुऱ्याला पाठीला बांधून वर घेऊन आला. कुत्र्याचा पुढचा पाय मोडला होता.

म्हातारी म्हणाली, “आबा, मला वेशीवर ऐकू आलं. त्याला एवढ्या जवळून आलं नाही.”

म्हाताऱ्याने तिच्या हातातला दोर घेतला.

पाय जुळला, पण वाकडा. त्यानंतर म्हाताऱ्याने कड्याच्या वाटेवर दोर हातातून सोडला नाही. कुंडापलीकडे इतर जण कुत्री सोडत, तिथेही तो सोडत नसे. पठार मोकळे होते आणि हाक पोचणार नव्हती. पठाराच्या टोकाला मेंढ्या कोंडायची चार दगडी भिंतींची एक जुनी जागा होती. तिच्या आत शिरून, दाराला काटेरी झुडूप लावून, मगच तो दोर सोडी.

भुऱ्या लंगडत भिंतीच्या कडेने फिरे, वास घेई, उन्हात लोळे. निघायची वेळ झाली की म्हातारा हात वर करी आणि कुत्रा येई. त्या चार भिंतींत सकाळपासून दुपारपर्यंत एक शब्दही निघत नसे. सांगायचे पुष्कळ होते. ते ऐकणारे कोणी नाही, हे म्हाताऱ्याला आता पक्के ठाऊक होते.

बोध एवढाच: ज्याचा जीव आपल्या हाती आहे, त्याला मोकळे सोडताना आपला मान पाहू नये, त्याचे कान पाहावेत.