नकाशातला नळ

त्या बागेत पाणी सगळ्यांचे होते आणि टाकी गुलाबांच्या ताब्यात होती.

टाकीपासून एक लांब रबरी पाईप निघे. तो रोज सकाळी सगळ्यांकडे जाई. गुलाबांकडे आधी, कुंपणाजवळच्या कढीलिंबाकडे अगदी शेवटी, पण जाई. हिरवळीला तेवढेही खपेना. "मेला माझ्या अंगावरून फरफटत जातो, सगळी रया गेली माझी," असा तिने रोज गळा काढला. मग गुलाबांनी सभा घेतली आणि जमिनीखालून लाईन टाकायचे ठरले.

आखणीचे काम दोरीकडे होते. टाकीपासून गुलाबांच्या ताटव्यापर्यंत ती सरळ ताणली गेली, ती नेमकी हिरवळीच्या मधोमध. हिरवळ किंचाळली, "माझ्या अंगावर चर खणणार? डोकं फिरलंय का तुमचं?" दोरी आयुष्यभर सरळपणाची फुशारकी मारत आली होती. त्या दिवशी ती मुकाट्याने वाकली, कुंपणाकडून वळसा घेतला आणि कढीलिंबाच्या मुळांवरून गेली.

कुदळ कढीलिंबाकडे आली. "नशीब काढलंत हो! तुमच्या दारातून पाणी जाणार. जरा सरकून घ्या."

"मुळं तुटतील की हो," कढीलिंब म्हणाला. "पोरं लहान आहेत माझी. आम्हाला नळ मिळेल ना?"

"हा काय, नकाशात काढलाय बघा. आत्ता जोड टाकून बूच मारून ठेवते. नळ मागाहून."

नकाशात खरेच नळ होता, निळ्या शाईतला, चांगला ऐटबाज. कढीलिंब हरखला. त्याने आपली अर्धी मुळे तोडू दिली आणि बुंध्याशी फुटलेल्या तिन्ही पोरांनाही दरडावले, "रडू नका रे. आपल्याच पाण्यासाठी आहे."

चर बुजला. गुलाबांकडे चार नळ बसले, हिरवळीला दोन, मोगऱ्याला आणि शेवंतीला एकेक, आणि दाराशी एक पितळी, नुसता पाहुण्यांना दाखवायला. रबरी पाईप गुंडाळून खिळ्याला टांगला गेला. आता त्याची कुणाला गरज नव्हती म्हणे.

रोज सकाळी कढीलिंबाच्या पायाखालून पाणी खळखळत जाई. उरलेली मुळे त्या गार नळीला बिलगून बसत. फोडणीसाठी त्याचा पाला ओरबाडणे मात्र एक दिवस थांबले नाही. थोरली दोन पोरे महिन्याभरात वाळली. त्याने दाद मागितली तेव्हा गुलाबांनी नकाशा उलगडला आणि निळ्या नळावर काटा टेकवला. "हा काय तुमचा नळ! दिलेली वस्तू पुन्हा मागता? लाज कशी वाटत नाही?" ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी असे ते बोलणे होते. पण शेजारी मोगरा होता, शेवंती होती, आणि दोघेही आपापल्या नळाकडे बघत राहिले.

मग एकदा जमिनीखालचे बूच पाझरू लागले, थेंब थेंब. धाकट्या पोराला एक पान फुटले, कोवळे, पोपटी. कढीलिंबाने ते आपल्या वाळक्या फांदीआड लपवून पाहिले. पण दुसऱ्याकडचे हिरवे हिरवळीच्या नजरेतून सुटते थोडेच!

"पाणी चोरतोय मेला!"

नळ बसवायला जिला वर्षभर सवड झाली नव्हती, ती कुदळ त्याच दुपारी हजर झाली. तिने पानासकट पोर उपटले, उरलीसुरली मुळे छाटली, बूच आवळले आणि वर सिमेंट थापले. कढीलिंबाने अडवले नाही. अडवायला त्याच्याकडे काही उरलेच नव्हते.

लाईनीला पुन्हा कुणाचा धक्का लागू नये म्हणून गुलाबांनी एक पाटी रंगवून घेतली. ती लावायला खांब हवा होता. कुंपणाशी एक वाळके, सरळ खोड आयतेच उभे होते, म्हणून पाटी त्यालाच तारेने करकचून बांधली. नकाशातल्या त्याच निळ्या रंगात तिच्यावर लिहिले होते: "खाली पाणी आहे. खणू नये."