माळेवरचं नाव

"मरताना तोंडी देवाचं नाव यावं, तर काय करावं, आक्का?"

मालिनीबाईंनी विचारलं आणि धाप लागली म्हणून भिंतीला टेकून बसल्या.

नदीकाठचा लहानसा दत्तमठ. पन्नास वर्षं त्याची झाडलोट आणि पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या आक्का ओसरीवर वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अवकाश आहे की अजून."

"डॉक्टर म्हणाले, दिवाळी कठीण आहे."

"बरं..."

आक्कांनी पुढची वात वळायला घेतली.

"मी सोळा सोमवार तीनदा केले, आक्का. एकवीस वर्षं गुरुवार केले. एक उपास मोडला नाही. एकशे तीन ताप होता, तरी संकष्टीला चंद्र बघूनच जेवले."

"आणि चंद्र ढगात असला तर?"

"पंचांगात वेळ बघून."

आक्का हसल्या. "म्हणजे पक्की आहेस. मग अडलं कुठं?"

"माळ हातात घेतली की चेहरा समोर येतो."

"देवाचा?"

"नाही... माझ्या धाकट्या जावेचा."

आक्कांनी हातातली वात खाली ठेवली.

"तिसऱ्या उद्यापनाला घरभर सवाष्णी होत्या. मी ओळीनं कुंकू लावत चालले होते. धाकटे दीर जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. कुमुद पाण्याची भांडी ठेवायला म्हणून तिथं वाकली होती. कुंकवाचं बोट समोर आलेलं बघून तिनं सवयीनं कपाळ पुढं केलं..."

"मग?"

"मी करंडा पुढच्या बाईकडं नेला."

"काही बोललीस?"

"नाही. तीही नाही. उठली आणि आत पोळ्या लाटायला गेली."

मालिनीबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"एकतीस वर्षं झाली. रीत होती तसंच वागले मी. पण हल्ली श्वास अडकला की तेच कपाळ दिसतं. शेवटी जे आठवेल तशी गती, असं आपण मानतो ना? मला ते आठवत मरायचं नाही, आक्का. लक्ष वाती सांगा, जप सांगा, काही सांगा. पण एवढी आठवण काढून टाका."

"जाऊ असते कुठं?"

"बाहेर पारावर बसलीय. रिक्षानं तिनंच आणलं. माझं पथ्यपाणी सगळं तीच बघते."

"तिला बोललीस हे?"

"आता काय बोलायचं? विसरलीही असेल ती."

आक्कांनी खुंटीवरची माळ काढून मालिनीबाईंच्या हातात दिली.

"जप हवा ना? घे. एकशे आठ वेळा तिचं नाव घे."

"माळेवर माणसाचं नाव? पाप लागेल!"

"लागलं तर मला लागू दे. उपास मोडत नाहीस ना तू? मग हेही पुरं कर."

मालिनीबाईंनी डोळे मिटले. आधी ओठच हलले. मग पुटपुटणं ऐकू आलं. कुमुद... कुमुद... कुमुद... पंचवीस-तीस मणी झाले असतील, आवाज आपोआप मोठा झाला.

"आले, आले!" पारावरून कुमुद धावत आली. हातात पाण्याची बाटली. "काय हो वहिनी? गोळी राहिली का? एकदा हाक मारली तरी ऐकू येतं मला, बहिरी नाही झाले अजून."

"बैस जरा."

कुमुद बसली. माळेकडं बघत राहिली.

"तिसऱ्या उद्यापनाला..." मालिनीबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "कुंकू लावताना मी... तू कपाळ..."

कुमुदचा हात बाटलीच्या झाकणावरच राहिला.

"आठवतं तुला?"

"आठवतं की."

"कधी बोलली नाहीस."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात." कुमुद हळूच म्हणाली. "कुंकवाचं दुःख नव्हतं हो एवढं. वाटायचं, वहिनींना ते आठवतसुद्धा नसेल..."

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

मालिनीबाईंनी हात उचलला. तो अर्ध्यावरच राहिला. कुमुदनंच जरा वाकून आपलं कपाळ त्या तळव्याखाली आणलं.

"किती गार पडलाय हात," ती म्हणाली. "शाल आणते रिक्षातून. इथंच बसा, उठू नका."

ती गेली. मालिनीबाई किती तरी वेळ आपल्या तळव्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरची माळ उचलली, मणी चाचपले.

"कितव्यावर होते, तेच विसरले... आक्का, देवाचं नाव आता कधी घेऊ?"

आक्कांनी कापूस पुढ्यात ओढला.

"मग इतका वेळ कुणाचं घेत होतीस?"