मास्तर तिरके उभे राहिले

“आणि हा? हा तरी त्रिकोण आहे की नाही?”

सावरगावे मास्तरांनी वही मुरादशा फकिराच्या नाकासमोर धरली. पानावर पेन्सिलीनं शिंगाडा काढलेला होता.

“आहे,” मुरादशा म्हणाला.

“हे घोणशीचं डोकं?”

“तेही आहे. लांबूनच पाहिलंत ना?”

“या बैलगाडीच्या दांड्या बघा. मागे फाकलेल्या, पुढे जुवापाशी एकत्र. चालता-फिरता त्रिकोण!”

“हो की,” म्हणत मुरादशा हसला आणि पुन्हा अंबाडीची दोरी वळू लागला.

गावाबाहेर, कडुलिंबाखाली मुरादशाचा तकिया होता. एक खोली, एक रांजण आणि वाटसरूला टेकायला ओटा, एवढंच. लोक काहीबाही विचारायला येत. मुरादशा फार बोलत नसे. पण जाताना लोक हसत जात.

मास्तर मात्र हसायला आले नव्हते. तालुक्याच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूमिती शिकवली होती. ताठ मान, ताठ पाठ. फूटपट्टी हातात घेतल्याशिवाय साधी रेघ मारायचे नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी हा नवा उद्योग काढला होता, आणि आज दोन वह्या पिशवीत घालून ते उन्हातान्हातून चालत इथवर आले होते.

“तीनशे सत्तेचाळीस झाले,” मास्तर म्हणाले. “मांजराचे कान, पानाचा विडा, दर्ग्यावरची निशाणं, करकोच्यांचा थवा… या तालुक्यात माझ्याइतके त्रिकोण कोणी पाहिले नसतील.”

“नसतील.”

“मग शाहजी, तुम्ही खूश का होत नाही?”

“तुम्ही आहात?”

मास्तर उगाच वहीची पानं चाळू लागले…

कडुलिंबाची बारीक फुलं वहीवर पडत होती. मास्तरांनी ती फुंकरीनं उडवली. आणखी पडली.

“शेवटच्या तासाला एका मुलीनं विचारलं,” ते खाली बघत म्हणाले. “माझा शाळेतला शेवटचा दिवस. पुढच्याच बाकावरची पोर. म्हणाली, सर, त्रिकोण घेऊन करायचं काय?”

“मग?”

“वर्ग हसला. घंटा झाली. मीही हसलो…” मास्तरांनी वही मिटली. “पण घरी आल्यावर घास उतरला नाही. तेव्हापासून हिंडतोय. म्हटलं, इतके दाखवीन, इतके दाखवीन, की पुन्हा कुणाची विचारायची छाती होणार नाही.”

मुरादशानं वळलेली दोरी गुडघ्याला लावून ताणून पाहिली.

“प्रश्न चांगला आहे,” तो म्हणाला.

“माझा?”

“पोरीचा.”

मास्तरांना ते लागलं. पण एवढी पायपीट करून आलेला माणूस लगेच उठून तरी कसा जाणार? ते नुसतेच घसा खाकरून बसले.

मुरादशा उठला आणि त्यांना खोलीमागे घेऊन गेला. तिथे त्यानं शेळीसाठी नवं छप्पर उभारलं होतं. चार मेढी, वर चार आडवी लाकडं, त्यांवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. खाली कडक मुरूम असल्यामुळे मेढी जेमतेम वीतभर रुतल्या होत्या. आत रेशमा नावाची शेळी बसली होती. तिच्या पोटाशी सकाळीच जन्मलेली दोन करडं होती, अजून पायांवर धड उभं राहता न येणारी.

“इथे काही सापडतं का बघा.”

मास्तरांनी एकदाच नजर फिरवली.

“काही नाही. सगळे चौकोन. काटकोन मात्र बिनचूक आलेत, हे कबूल करतो.”

“माझ्या हातचं आहे,” मुरादशा खुशीत म्हणाला. त्यानं मेढीला हात लावला. सगळं छप्पर त्या बाजूला झुललं आणि परत आलं. “पण डुलतं हो जरा.”

“तो माझा विषय नाही,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

तेवढ्यात शेजारच्या नांगरटीतून वावटळ उठली. धूळ, पाचोळा, कागद, सगळं गरगरत तकियावर आलं. रांजणावरचं झाकण खणखणत लांब गेलं. पऱ्हाट्या फुगल्या आणि छप्पर एका अंगाला कलू लागलं…

मास्तर बघत राहिले. काटकोन मोडत होते. आयताचा समांतरभुज चौकोन होत होता, डोळ्यांदेखत.

रेशमा ओरडली.

मास्तरांच्या हातून वही पडली. ते धावले. ज्या बाजूला छप्पर झुकत होतं, त्या बाजूच्या कोपऱ्यातल्या मेढीला त्यांनी खांदा लावला. चप्पल सटकली. त्यांनी अनवाणी टाच मुरमात रोवली, आणि अख्ख्या अंगाचा भार मेढीवर टाकला.

छप्पर करकरलं…

आणि थांबलं.

“शाहजी! आता काय करू?”

“काही करू नका!” मुरादशा आत शिरता शिरता ओरडला. “फक्त तिरके राहा!”

त्यानं रेशमाला ढकलत बाहेर काढलं. दोन्ही करडं दोन काखांत घेतली. तो बाहेर आला तोवर वावटळ नाल्याकडे निघूनही गेली होती. करडांच्या नाकांवर धूळ बसली होती, आणि दोघंही रागावल्यासारखी शिंकत होती.

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि सवयीनं पाठ ताठ केली. त्यांच्याबरोबर छप्परही निघालं.

“अहो, तिरके! तिरके!”

मास्तर पुन्हा कलले. छप्पर पुन्हा थांबलं.

मुरादशाला हसू आवरेना. काखेत करडं तशीच धरून तो खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसला. मास्तरांना आधी राग आला. मग त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, एका पायात चप्पल आणि एक उघडा, आणि तेही हसू लागले. त्यांच्या हसण्यानं वरच्या पऱ्हाट्या थरथरत होत्या.

“लवकर करा शाहजी, खांदा जातोय माझा!”

मुरादशानं एक जाडजूड बांबू आणला. मास्तरांच्या टाचेनं पडलेल्या खड्ड्यात त्याचं बूड बसवलं. जिथे त्यांचा खांदा होता तिथे बांबूचं डोकं टेकवलं, आणि अंबाडीची दोरी गरगर गुंडाळून गच्च आवळली.

“सोडा आता.”

मास्तरांना सोडवेना. त्यांनी आधी खांदा जरासा काढला. मग एक हात. मग दुसरा. मग ते एक पाऊल मागे आले…

कोपरा उभा होता.

त्यांनी मेढ ढकलून पाहिली. हलली नाही. ओढून पाहिली. हलली नाही. दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं, तरी नाही.

मग ते बराच वेळ नुसते बघत राहिले. खाली जमीन. उभी मेढ. तिरका बांबू. त्यांचे ओठ हलत होते. वही पलीकडे धुळीत पडली होती, वाऱ्यानं तिची पानं आपोआप उलटत होती. मास्तरांचं तिकडे लक्षही नव्हतं.

“शाहजी,” ते एकदम म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा झाला होता. “ही तर बाबाबा कसोटी! बाजू, बाजू, बाजू! तीन बाजू पक्क्या झाल्या की कोन जागचा हलूच शकत नाही. एकतीस वर्षं मी हे फळ्यावर… फळ्यावर, शाहजी! आणि आज… म्हणजे बघा, त्याचं असं आहे की…”

मुरादशानं करडं रेशमाच्या पुढ्यात ठेवली. उरलेल्या दोरीचं वेटोळं उचललं आणि तिचं टोक मास्तरांच्या हातात दिलं.

“सांगा की. पण दोरी आवळता आवळता सांगा, मास्तर. अजून तीन कोपरे राहिलेत.”