पेरलेलं मीठ

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांच्या मागं, समुद्राचा वारा जिथवर पोहोचत नाही अशा मुलखात वीस उंबऱ्यांची एक वाडी होती. भोवती काळीभोर जमीन. ज्वारी अशी माजायची, की उभा माणूस तिच्यात हरवावा. वाडीतल्या कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. तो मोठा असतो, एवढं ऐकून होते. नदीच्या पुराहून मोठा का, यावर मात्र एकमत नव्हतं.

वाडीत सगळं पिकायचं. फक्त मीठ नाही.

मीठ वर्षातून एकदा चालत यायचं. थंडी पडली की घाटाच्या बाजूनं घुंगरांचा आवाज यायचा. आधी इतका बारीक, की आपल्याच कानात वाजतोय असं वाटावं. मग धूळ दिसायची, मग शिंगं, मग पाठीवर गोण्या घेतलेले शेकडो बैल आणि त्यांच्यापुढं तांड्याचा पांढऱ्या मिशांचा नाईक. वाडी जमिनीखालच्या पेवातली ज्वारी द्यायची, तांडा मीठ द्यायचा.

मग नाईक दरवर्षी एकच विचारायचा. "चार दिवस बैल टेकवायला जागा द्याल का?"

आणि वाडी दरवर्षी एकच सांगायची. "नाईकबाबा, बघताय ना. बांधापर्यंत पेरलंय."

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. वाडीला परक्या माणसांची भीती वाटायची. त्यांची बोली वेगळी, कपडे आरशांचे, देव कुठला कोण जाणे. तांडा शिवेवरूनच पुढं जायचा, आणि घुंगरं मिटत मिटत नाहीशी व्हायची.

या वाडीत म्हाळू नावाचा शेतकरी होता. नदी आणि वाट जिथं भेटतात तिथं त्याचं एकुलतं एक रान. एका वर्षी ज्वारी मापून झाल्यावर नाईक त्याला म्हणाला, "बैल थकतात रे बाबा. पुढल्या साली दुसऱ्या घाटानं जावं म्हणतो. तिकडं तळ टाकू देतात."

म्हाळूनं हातातलं माप खाली ठेवलं. त्यानं विचारलं, "नाईकबाबा, तुमच्याकडं तरी मीठ येतं कुठनं?"

"आगरातनं."

"आगर म्हणजे?"

"शेतच समज. वाफे पाडायचे, पाणी सोडायचं. ऊन लागलं की मीठ पिकतं."

नाईक खरं तेच सांगत होता. समुद्रकाठी असंच बोलतात. पण म्हाळूला पिकण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. जे पिकतं, ते आधी पेरावं लागतं.

त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांपुढं एक रान डोलू लागलं. पांढरं रान. चांदण्यासारखी कणसं. कुणाची वाट बघायला नको, कुणाला जागा द्यायला नको.

सुगी झाल्यावर त्यानं ही गोष्ट पारावर सांगितली. शेजारची भिवराकाकू तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मिठाला कणीस येतं का शेंग, तेवढं सांग म्हाळू. म्हणजे कोयते काढायचे का टोपल्या, ते ठरवते."

सगळे हसले. पण हसता हसता सगळ्यांना ते पांढरं रान दिसू लागलं. घरोघरी जे मीठ शिल्लक होतं त्यातलं अर्ध्याहून जास्त लोकांनी म्हाळूच्या ओट्यावर आणून ओतलं. भिवराकाकूनं तर रांजणच पालथा केला.

म्हाळूनं वाफे पाडले. मूठ मूठ मीठ पेरलं. नदीचं पाणी सोडलं, पुन्हा सोडलं, उन्हाळाभर सोडत राहिला.

आणि एका पहाटे रान खरंच पांढरं झालं. मातीवर बारीक फुलं फुटावीत तशी साय आली होती. सगळी वाडी अनवाणी त्या रानात उतरली. कुणी मोठ्यानं बोलेना. पांढऱ्या जमिनीवर माणसं अशी हळू चालत होती, जशी झोपलेल्या लेकराजवळून चालतात.

भिवराकाकूनं चिमूटभर जिभेवर ठेवलं. लगेच थुंकून टाकलं. मग म्हणाली, "कडू आहे."

त्या दिवशी तिनं थट्टा केली नाही. म्हाळूला तेच जास्त लागलं.

पुढल्या पेरणीला त्यानं त्या खारावलेल्या रानात ज्वारी टाकली. एक कोंब वर आला नाही. दसऱ्याच्या आतच घरोघरचं मीठ संपलं. अळणी भाकरी, अळणी कोरड्यास. गुरं भिंती चाटू लागली. म्हाळूशी कुणी भांडलं नाही, पण तो पारावर आला की बोलणं थांबायचं. रान गेलं होतं आणि माणसंही गेली होती. तो दिवसभर बांधावर बसून घाटाकडं कान लावायचा.

तांडा आला, पण फार उशिरा. दुसऱ्या घाटात पाणी आटलं होतं, म्हणून वळून आला होता. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आणि ते बैल वाट सोडून सरळ म्हाळूच्या ओसाड रानात शिरले. खाली माना घालून माती चाटू लागले.

नाईकानं मातीकडं पाहिलं, म्हाळूकडं पाहिलं. म्हाळूनं सगळं सांगितलं. मागची तांड्यातली तरणी पोरं हसू लागली, तेव्हा नाईकानं नुसता हात वर केला. ती गप्प झाली.

"पिकतं म्हणालो होतो," नाईक म्हणाला. "पेरतात म्हणालो नव्हतो."

"मग उगवतं कसं?"

"उगवत नाही रे. समुद्र देतो, तिथली माणसं ओढतात, आमचे बैल वाहतात. मिठाला मूळ नसतं बाबा, पाय असतात." मग तो हळूच म्हणाला, "ते पाय आता दुखतात. या रानात तर काही पेरलेलं नाही. टेकू देतोस?"

वाडीतली माणसं शिवेवर जमली होती. "म्हाळू, परकं माणूस आत घ्यायचं नाही," एक जण म्हणाला. "एकदा तुझं ऐकलं, तेवढं पुरे झालं."

म्हाळूच्या लक्षात आलं, की आता हो म्हटलं तर वाडी कायमची तुटेल. तो बराच वेळ बैलांच्या जिभांकडं बघत राहिला.

"तुमचं मीठ मी घालवलं," तो म्हणाला. "हाही दोष माझ्याच माथी मारा. पण ही जनावरं मी उठवणार नाही."

तांडा आठ दिवस राहिला. पहिले दोन दिवस वाडीची दारं बंद होती. तिसऱ्या दिवशी तांड्यातल्या एका म्हातारीनं भिवराकाकूची अडलेली गाय मोकळी केली. चौथ्या दिवशी भिवराकाकू दुधाचं भांडं घेऊन रानात गेली आणि संध्याकाळपर्यंत परतली नाही. दोघींना एकमेकींची बोली येत नव्हती. तरी दोघी दिवसभर आपापल्या सुनांच्या कागाळ्या सांगत होत्या, हे तिथं बसलेल्या कुणालाही कळलं असतं.

पुढल्या वर्षी तांड्याबरोबर एक कुंभार आला आणि राहिला. मग एक विणकर आला, मग लोहार. म्हाळूच्या रानात दर आठवड्याला बाजार भरू लागला. वाडीच्या बोलीत लांबचे शब्द शिरले, भाजीत लांबचे मसाले. हळूहळू त्या मुलखातल्या माणसांना एक सवय लागली. वाटसरू दिसला, की आधी त्याला बसायला सांगायचं आणि मगच गाव विचारायचं.

मग एक साल असं आलं, की पाऊसच पडला नाही. काळं रान भेगाळलं. पेवांचे तळ दिसले. आसपासच्या गावांतली माणसं घरांना कड्या लावून निघाली. म्हाळूची वाडीही गाठोडी बांधून बसली होती. म्हाळू आता म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "आजचा दिवस थांबू."

दुपार कलली आणि घुंगरं वाजली. गोण्यांत त्या वेळी मीठ थोडं आणि दूर देशाचं धान्यच जास्त होतं. नाईक आता काठी टेकत होता. तो म्हणाला, "आम्ही पुढच्या मुलखात चाललो होतो. पण या वळणावर बैल ऐकेनात. त्यांना ही जागा आपली वाटते, त्याला आम्ही काय करावं?"

वाडीनं गाठोडी सोडली. त्या साली वाडीतलं एकही माणूस उपाशी मेलं नाही.

तात्पर्य: जे आपल्या मातीत उगवत नाही, ते आल्या माणसाला टेकायला जागा दिली म्हणजे आपल्या घरी येतं.