नऊ दारांचं सांगणं

फार फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो. तेव्हा डोंगरापलीकडे एक माळाचा देश होता. तिथे एक वर्ष पाऊस पडला नाही, दुसऱ्या वर्षीही पडला नाही, आणि तिसऱ्या वर्षी लोकांनी आभाळाकडे बघणंच सोडून दिलं. दाराला कडी न लावता माणसं घरं सोडून निघाली. चालत चालत त्यांतली काही डोंगर ओलांडून रानाच्या देशात उतरली.

रानाचा देश हिरवागार होता. तिथला राजा भला होता. आलेल्यांना त्याने ओढ्याकाठची जमीन दिली, बांबू तोडायची मुभा दिली, आणि सुखाने राहा म्हणून सांगितलं. पण त्या देशातल्या लोकांची एक रीत होती. परक्या माणसाने तिथले सगळे ऋतू पाहिल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं नाही. आज आलेले उद्या निघून जातात, मग उगाच जीव कशाला लावून घ्यायचा, असं त्यांच्या जुन्या जाणत्यांनी कधीतरी ठरवलं होतं. ते दुष्ट नव्हते. पाऊलवाटेवर समोर आले तर बाजूला होऊन वाट देत. फक्त बोलत नसत.

ओढ्याकाठी माळावरच्या लोकांची नऊ घरं उभी राहिली. त्यांतल्या शेवटच्या घरात एक बुरडीण एकटीच राहत असे. ती टोपल्या, सुपं, डालगी विणायची. तिच्या हातांना चांगलं वळण होतं. तिच्या बोलण्याला मात्र फारसं वळण उरलं नव्हतं, कारण ती बोलायचीच कमी.

ती आली तेव्हा एकटी नव्हती. बरोबर नवरा होता. दोघं आली, झोपडी बांधली, आणि पहिल्याच आठवड्यात तिला ओढ्याच्या वरच्या अंगाला पिवळा कंद सापडला. माळावरही कंद होत. तिथले कंद निखाऱ्यात भाजून, साल काढून, मीठ लावून खात. तिने तसंच केलं.

माळाच्या देशात आणखी एक रीत होती. नव्या मातीतून निघालेला पहिला घास घरातल्या वडीलधाऱ्याला द्यायचा. त्याने खाऊन "गोड आहे" म्हटलं की मग बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा. त्या घरात वडीलधारा म्हणजे नवराच. त्याने घास खाल्ला, तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "गोड आहे." तिने आपल्या ताटाकडे हात नेला, तेवढ्यात त्याने स्वतःचा गळा धरला. दिवस मावळायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी रानातली एक बाई तिच्या अंगणात आली. ती एक शब्दही बोलली नाही. तिने पिवळा कंद चिरला, राखेच्या पाण्यात उकळला, टोपलीत भरला आणि टोपली वाहत्या ओढ्यात दगडाखाली अडकवली. मग तीन बोटं दाखवली. तीन दिवस. एवढं करून ती डोळे पुसत निघून गेली.

अशी त्या नऊही घरांची गत होती. एका घरातल्या म्हाताऱ्याने नको त्या झाडाचं लाकूड चुलीत घातलं होतं, आणि त्याच्या धुराने त्याचे डोळे गेले होते. एका घराने ओढ्याच्या आतल्या वळणावर गोठा बांधला होता, तो गुरांसकट वाहून गेला होता. प्रत्येक घराने काहीतरी शिकून घेतलं होतं, आणि शिकण्यापायी काहीतरी गमावलं होतं. एकमेकांची दुःखं त्यांनी पाहिली होती. त्यांबद्दल बोललं मात्र कोणीच नव्हतं. बोलायचं तर आपली चूकही सांगावी लागते, आणि ती सांगायला कोणाची जीभ वळत नव्हती.

अशी बारा वर्षं गेली. रानातले लोक आता त्यांच्याशी बोलू लागले होते. बुरडिणीच्या टोपल्या तेच घेऊन जात, आणि त्याच टोपल्यांत कंद भरून ओढ्यात ठेवत.

मग माळावर पुन्हा दुष्काळ पडला, आणि एक नवं कुटुंब डोंगर उतरून आलं. एक कुंभार, त्याची बायको, आणि त्याची म्हातारी आई. म्हातारीचे पाय सुजले होते, पण तोंड काही थकलं नव्हतं. नव्या झोपडीवर अजून छप्पर चढलं नव्हतं, तोच ती काठी टेकत बुरडिणीच्या ओसरीवर येऊन बसली.

"ऐकलं ते खरं का गं पोरी? तू आपल्याकडची?"

"हो, आजी."

"देवा, बरं झालं. सकाळपासून तिघांशी बोलले मी. एकाने पाणी दिलं, एकाने वाट दिली, तिसऱ्याने नमस्कार केला. बोलला एकही नाही. मला वाटलं, वाटेतच मेले की काय मी, आणि माझं भूत फिरतंय."

बुरडिणीला हसू आलं. किती दिवसांनी ते तिलाही कळलं नाही.

"त्यांची रीत आहे, आजी. वर्षभर नाही बोलायचे."

"वर्षभर? माझ्याकडे वर्ष कुठून यायचं? माझ्या सुनेला सांग हो, तिला आवडेल ही रीत. सासूने वर्षभर बोलायचं नाही." म्हातारी आपल्याच बोलण्यावर खुसखुसली. मग गुडघे चोळत म्हणाली, "थट्टा राहू दे. तू इथली जुनी. इथलं काय खावं, काय खाऊ नये, तेवढं सांगून ठेव. सून नवखी आहे, लेक भोळा आहे. पीठ चार दिवसांचं उरलंय."

बुरडिणीच्या हातातली बांबूची कांब थांबली. शब्द ओठांशी आले. पण त्या शब्दांच्या मागे निखारे होते, कंद होता, आणि कंद भाजणारे हात होते. म्हातारी नक्की विचारेल, तुला कसं कळलं गं? मग काय सांगायचं? की मी माझ्या हातांनी भाजला आणि माझ्या हातांनी वाढला?

आणि तिच्या मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, काळी आणि कडू. आम्हाला कोणी सांगितलं होतं? आम्ही सोसलं, तसं यांनीही थोडं सोसावं.

"शिकाल हळूहळू," ती म्हणाली. "सगळेच शिकतात."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि काठी शोधून उठली.

बुरडिणीच्या जिवाला चैन पडेना. पीठ चार दिवसांचं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी रानातल्या लोकांसाठी डालगी पुरी करायची होती. परवा सांगू, ती म्हणाली. बाकीच्या आठ घरांनीही नवं कुटुंब पाहिलं होतं. प्रत्येक घराला वाटलं, दुसऱ्या कोणीतरी सांगितलंच असेल.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती ओढ्यावर बांबू भिजवत होती. वाऱ्याबरोबर एक वास आला. निखाऱ्यात काहीतरी भाजल्याचा, गोडसर. बारा वर्षांत तो वास तिने घेतला नव्हता, तरी नाकाने लगेच ओळखला. ती उभी राहिली. रताळं असेल, असं तिने मनाला सांगून पाहिलं. या देशात रताळी होत नसत.

हातातले बांबू टाकून ती धावली. काठाच्या काट्यांत लुगडं फाटलं, ते तिला समजलं नाही. कुंभाराच्या दारात पोचली तेव्हा तिघं जेवायला बसली होती. कुंभार आणि त्याची बायको हात आवरून बसले होते आणि म्हातारीकडे बघत होते. म्हातारीचा घास गिळून झाला होता.

"गोड आहे," म्हातारी म्हणत होती. "चला, बसा आता. खा."

"हात लावू नका," बुरडीण दारातूनच म्हणाली. तिचा आवाज इतका कोरडा होता की दोघांचे हात जागीच थांबले.

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. सगळं कळायला तिला वेळ लागला नाही. तिने सुनेचं ताट दूर सारलं, आणि थोड्या वेळाने तिला बोलता येईनासं झालं. बुरडिणीने राखेचं पाणी पाजलं, मीठ चाटवलं, पाठ चोळली. वस्तीतली आणि रानातली माणसं दारात जमली, रानातल्यांनी पाला वाटून आणला. उपयोग झाला नाही. दिवस मावळायच्या आत म्हातारी गेली.

कुंभाराची बायको अंगणात सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने रडणं थांबवलं आणि विचारलं, "अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"सासूबाई तुमच्याकडे विचारायला आल्या होत्या ना? मला सांगून आल्या होत्या. म्हणाल्या, आपली बाई भेटली, आता काळजी नाही."

"आल्या होत्या."

"मग का नाही सांगितलंत?"

तेव्हा, सगळ्या वस्तीसमोर, बुरडिणीने त्या कंदाबद्दल बारा वर्षांत प्रथमच तोंड उघडलं. कंद कोणी खणला, कोणी भाजला, कोणी वाढला, ते तिने सांगितलं. नवरा शेवटचं काय म्हणाला तेही सांगितलं. आणि मग मनाच्या तळाशी होतं तेही सांगितलं. "मला वाटलं, मी सोसलं तसं तुम्हीही सोसावं. एवढंच कारण आहे. दुसरं नाही."

कुंभाराची बायको म्हणाली, "आम्ही सोसल्याने तुमचं कमी झालं का?"

आठ घरांची माणसं माना खाली घालून उभी होती. मग आंधळा म्हातारा चाचपडत पुढे आला आणि म्हणाला, "लेकी, वाकड्या खोडाचं, पांढऱ्या सालीचं लाकूड चुलीत घालू नकोस. माझे डोळे त्यात गेले." त्याच्यामागून गोठा वाहून गेलेली बाई बोलली. मग तिसरं घर, मग चौथं. प्रेत अंगणात होतं, आणि एकेक घर पुढे येऊन आपलं दुःख आणि त्यातून शिकलेलं शहाणपण कुंभाराच्या बायकोच्या पुढ्यात ठेवत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. कोणाला बरं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही.

त्या दिवसापासून वस्तीत एक नवी रीत पडली. डोंगर उतरून कोणीही आलं, तर चूल पेटवायच्या आधी त्याला वस्तीतल्या सगळ्या दारांवर न्यायचं. प्रत्येक दारी त्याला एक घास मिळे, आणि ते घर काय गमावून काय शिकलं ते ऐकायला मिळे. लोक या रीतीला 'सांगणं' म्हणू लागले. पुढे रानातली माणसंही या सांगण्याला येऊन बसू लागली, आणि वर्षभर न बोलण्याची त्यांची रीत हळूहळू त्यांनाच नकोशी झाली.

नव्या माणसांना दारोदार न्यायचं काम कुंभाराच्या बायकोने मागून घेतलं होतं. पुढे वस्ती वाढून चाळीस घरांची झाली, तरी ते काम तिने दुसऱ्या कोणाला दिलं नाही. नवख्या बाईचा हात धरून ती प्रत्येक ओसरी चढायची. फक्त बुरडिणीच्या घरापाशी ती अंगणातच थांबायची आणि ओढ्याकडे तोंड करून उभी राहायची. आतून बुरडिणीचा आवाज यायचा, दर वेळी तेच सांगणारा. मी भाजला. मी वाढला. मग एक आजी आली, तिने विचारलं, आणि मी सांगितलं नाही.

सांगून झालं की बुरडीण दाराशी येऊन म्हणायची, "तू पण पाणी घे गं."

"तहान नाही, अक्का," कुंभाराची बायको म्हणायची, आणि नवख्या बाईचा हात धरून पुढच्या घराकडे वळायची.

पिवळ्या कंदाने त्या वस्तीत पुन्हा कोणी मेलं नाही. बुरडीण म्हातारी झाली, तिचे हात थरथरू लागले, टोपल्या विणणं सुटलं. सांगणं सुटलं नाही. पण त्या एका बाईने तिच्या घरचं पाणी शेवटपर्यंत घेतलं नाही, आणि बुरडिणीनेही शेवटपर्यंत ते विचारायचं सोडलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा, जो काटा आपल्या पायात रुतला तो मागून येणाऱ्याला वेळेवर दाखवावा. उशिरा दाखवलेल्या काट्याने वाट सुधारते, गेलेलं माणूस परत येत नाही.