आत्याच्या वांग्यांचं बी

समुद्राकाठच्या एका गावात लवू नावाचा माणूस राहत होता. मनाने चांगला, पण चालढकल करणारा. घरामागे मोकळी जागा होती, विहिरीला पाणी होतं, हवा अशी की थंडीही सोसवेल इतकीच. "इथे कधीही पेरलं तरी उगवतं," असं म्हणत त्याने परसात कधी एक वाफासुद्धा केला नव्हता.

दसऱ्याला सोनं द्यायला तो पलीकडच्या वाडीत आत्याकडे गेला. आत्याची हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती. पण आता तिचे गुडघे धरले होते. तिने राखेत घोळवलेल्या बियांची पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली.

"लवू, माझ्याकडून आता बाग होत नाही. होतं नव्हतं ते सगळं बी तुला दिलंय. दिवाळीच्या आत पेर. आपली हवा दमट, पावसाळ्यात बी टिकत नाही."

"उद्याच पेरतो, आत्या."

त्याने पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. दिवाळी आली, गेली. कधी कुदळीचा दांडा सैल होता, कधी घरी पाहुणे होते.

माघात आत्याचा निरोप आला. "पहिलं वांगं मला आण हो. भरीत करू."

खरं सांगावं, असं लवूला क्षणभर वाटलं. पण आत्याला काय वाटेल? त्याने लांबच्या बाजारातून जवळपास तशीच दिसणारी दोन हिरवी वांगी घेतली आणि तिच्याकडे नेली.

आत्याने चुलीत वांगी भाजली, भरीत केलं. पहिला घास घेतला आणि ती जरा थांबली.

"छान झालंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षासाठी बी धरलंयस ना?"

"धरलंय," लवू म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

घरी येऊन तरी त्याने ते बी पेरायला हवं होतं. पण पुरचुंडी पाहिली की खोटं आठवायचं. त्याने ती डब्यांच्या मागे सारली. मग पाऊस आला.

पाऊस सरल्यावर एका सकाळी त्याने मनावर घेतलं, वाफा खणला आणि पुरचुंडी सोडली. राखेचा गोळा झाला होता, बियांना बुरशी धरली होती. तरी त्याने पेरलं, रोज पाणी घातलं. महिना गेला, एक कोंब वर आला नाही.

तेव्हा तो आत्याकडे गेला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.



"मला वाटलं, तुझ्या मातीत वांग्याची चव बदलली असेल," आत्या म्हणाली. "अरे, त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी रागावले असते, एवढंच ना? बी तेव्हा जिवंत होतं. शेजारणीच्या परसात लावून घेतलं असतं. आता कुठून आणू?"



त्या वर्षी त्याने खरोखरच बाग केली. लाल माठ, मुळा, चवळी, मिरच्या, सगळं भरभरून आलं. दर आठवड्याला तो आत्याकडे टोपली घेऊन जाई. आत्या एकेक भाजी हातात घेऊन कौतुक करी. वांग्याचं नाव मात्र तिने पुन्हा कधी काढलं नाही.

तात्पर्य इतकंच: राहून गेलेलं काम वेळीच कबूल केलं तर सावरता येतं, ते झाकायला खोटं बोललं, की सावरायची वेळही हातची जाते.