आधी बैलाच्या कपाळावर

सांबरखोलच्या तेलआळीत रस्त्याच्या कडेला एक दगडी उखळ अर्धे जमिनीत रुतलेले आहे. पाहुणे येतात, त्यावर पाय ठेवून फोटो काढतात आणि विचारतात, यात काय कुटायचे? आळीतले केरूबाबा आधी त्यांना पाय खाली घ्यायला लावतात. मग सांगतात, हा बेने इस्राएलांचा तेलाचा घाणा. शनिवारी काम बंद ठेवणारे हे ज्यू तेली, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांच्यातले आता इथे कोणी राहत नाही. तरी या गावात शनिवारी बैल जुंपत नाहीत. आगरी जुंपत नाही, कुणबी नाही, मुसलमानही नाही. हे त्या तेल्यांतल्या योखाबाईमुळे झाले, असे सांगतात.

योखाबाई किती वर्षे जगली यावर एकमत नाही. पणतवंडांच्या लग्नांतही तिने व्याह्यांना नावे ठेवली म्हणे. तिच्या तोंडाला आळी घाबरे, आणि तिच्यावर जीवही टाकी. तापाने फणफणलेले पोर आधी तिच्याकडे आणत. ती पोराच्या आईला मूर्ख म्हणे आणि पोराच्या उशाशी रात्रभर बसून राही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा लावून ती घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवी. तेवढा वेळ तिचे तोंड बंद असे. थोरला मुलगा इसाजी मिशा पांढऱ्या झाल्या तरी त्या हाताखाली वाकल्याशिवाय शुक्रवारचा घास घेत नसे.

गाव खोताचे होते. घाण्याची जागाही त्याचीच. खोताच्या मुलीचे लग्न शनिवारी गोरज मुहूर्तावर ठरले होते, आणि दिव्यांना तेल लागते ही गोष्ट या शहाण्या पुरुषाला शुक्रवारी दुपारी आठवली. त्याने निरोप धाडला: उद्या घाणा चालला पाहिजे, नाहीतर परवा जागा खाली करा.

इसाजी घाबरला. पण घाबरलेल्या माणसाला सुचते तशी एक युक्ती त्याला सुचली, आणि तिचा त्याला अभिमानही वाटला. काम आपण करायचे नाही. खोताचा माणूस येईल, तो घाणा हाकेल. बैल तेवढा आपला. आपण ओट्यावर बसून प्रार्थना म्हणू. सातव्या दिवसाची विश्रांती माणसाला तशी बैलालाही सांगितली आहे, हे आळीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होते. इसाजीला त्या दिवशी आठवले नाही.

शनिवारी सकाळी घाण्याची करकर ऐकून योखाबाई ओट्यावर आली. खोताचा माणूस फळीवर बसून पोवळ्या बैलाला हाकत होता.

"इसा, तुझा शनिवार इथे आहे. पोवळ्याचा कुठे गेला?"

"आई, आपण हात लावलेला नाही."

"नाही ना? सहा दिवस तो तुझ्यासाठी फिरतो. सातव्या दिवशी तू बसलास आणि त्याला भाड्याने दिलास. वर देवापुढे तोंड धुऊन बसलास!"

ती खाली उतरली. घाणा थांबवला नाही; खोताच्या माणसाशी भांडणे तिला कमीपणाचे वाटले. तिने फक्त बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढून घेतली.

"कोण कोण बसून बघतंय, ते त्याला दिसू दे," ती म्हणाली.

उघड्या डोळ्यांनी पोवळ्या दिवसभर फिरला. दर फेऱ्याला तो ओट्याकडे बघे, आणि इसाजीची प्रार्थना तिथेच अडे.

तिन्हीसांजेला मांडवात दिवे लावले. असे सांगतात, की एकही टिकला नाही. वात पेटे, जरा धुमसे आणि विझे. वारा नव्हता. भटजींना अंतरपाट दिसेना. अंधारात वऱ्हाडी हसू लागले, तसा खोत कद नेसलेलाच तेलआळीत धावत आला.

"तेलात पाणी घातलंस, म्हातारे!"

"पाणी असतं तर तडतडलं असतं. हे नुसतं विझतंय. शनिवारचं आहे ना, दमलंय."

"पोरीच्या लग्नात अंधार झाला तर आळी पेटवून देईन!"

"दे की. हेच तेल घे पेटवायला."

योखाबाईने आभाळाकडे पाहिले. चांदण्या उगवल्या होत्या. शुक्रवारच्या सांजेला लागलेला त्यांचा शनिवार सरला होता.

"पोरीचा काय दोष?" ती म्हणाली. "बाप काही निवडून घेता येत नाही. इसा, ऊठ. बैलाची विश्रांती राहिलीय, तो आता बसेल. जू तू घे."

पोवळ्याची झापड तिने स्वतः इसाजीच्या डोळ्यांवर बांधली आणि फळीवर चढून बसली. उजेडाला चूड पेटवली. ती कोणी धरायची?

"तू धर," ती खोताला म्हणाली. "उजेड तुलाच हवाय."

इसाजी ओढत होता, खोत चूड घेऊन बाजूने चालत होता, आणि म्हातारी फळीवरून दोघांचा उद्धार करत होती. पोवळ्या बसून रवंथ करत होता. ते तेल मांडवात पोचले आणि पहिल्याच काडीला दिवे लागले म्हणे.

खांदे सोललेला इसाजी आईपुढे वाकला. तिने त्याला वळसा घातला आणि बैलाच्या कपाळावर हात ठेवला.

"आई, माझ्या?"

"शुक्रवारी बघू."

तो शुक्रवार आला. तिने आधी बैलाच्या कपाळावर हात ठेवला, मग सगळ्या घराच्या डोक्यावर. इसाजीपाशी येताच हात मागे घेतला. "पुढच्या शुक्रवारी बघू." वर्षे गेली. पोवळ्या गेला, त्याच्या जागी दुसरा बैल आला. इसाजीने पुन्हा कधी शनिवारी गोठ्याची कडी काढू दिली नाही. शनिवारी घाणा मागायची खोताची छातीही झाली नाही. दर शुक्रवारी इसाजी रांगेत शेवटी उभा राही आणि उपाशी निजे. आई इतकी का जगतेय, हे आळीत त्याला एकट्याला कळत होते, असे म्हणतात.

शेवटी तिला उठवेना. "बैल आण," ती म्हणाली. इसाजीने दाराची चौकट ओलांडून बैल तिच्या बाजेपाशी आणला. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. दावे धरून म्हातारा इसाजी शेजारी वाकून उभा राहिला. मागायचे त्याने केव्हाच सोडले होते. तो हात बैलावरून घसरला आणि त्याच्या केसांत येऊन थांबला.

"शी! काय हे कोरडं डोकं," ती म्हणाली. "तेल्याचा ना रे तू?"

यानंतर ती बोलली नाही.

ते तेली गेले, तरी तेलआळीत अजूनही शुक्रवारी दिवस मावळताना घरातली सर्वांत म्हातारी बाई आधी गोठ्यात जाते, मग लेकरांकडे वळते. डोक्यावर हात ठेवताना ती शुभ काही बोलत नाही. प्रत्येकाला एक खरमरीत टोमणा मारते. ज्याला टोमणा मिळत नाही, ते पोर रडत झोपते.